अंगणात उगवलेलं चंदन

कुंपणापलीकडे तण काढणाऱ्या भाऊकाकांचा हात परवा एका वीतभर रोपापाशी थांबला. कुणा पक्ष्याने टाकलेल्या बीतून चंदन उगवलं होतं. त्यांनी ते उपटायला मुठीत धरलं, तेवढ्यात त्यांची बायको, सुमनकाकू, पायरीवरून ओरडल्या, "राहू द्या ते!"

"अगं, हे मोठं झालं की आपलं राहत नाही," काका म्हणाले. "तोडायला सरकारची परवानगी, न्यायला परवानगी. चोरीला गेलं तरी चौकशी आपलीच व्हायची."

"बी टाकताना पक्ष्याने घेतली होती परवानगी?"

मी कुंपणाशी उभी होते. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. चंदन वाचावं म्हणून नियम झाले, आणि त्याच नियमांच्या धास्तीने एक भला माणूस कोवळं चंदन उपटायला निघाला होता. अशी किती अंगणं असतील? झाडावर हक्क असेल तर माणूस उन्हातान्हात त्याला पाणी घालतो. नुसता ताप पदरात पडणार असेल, तर तो ते वाढूच देत नाही. हे कळायला कचेरीत बसावं लागत नाही.

काकू खाली आल्या, काकांची मूठ सोडवली आणि रोपाभोवती विटा रचू लागल्या.

"उद्या कुणी विचारायला आलं तर?" काकांनी विचारलं.

"येऊ दे की. जमीन माझी, पाणी मी घालणार, झाड माझंच. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन."

"मग कठडा जरा उंच कर," म्हणत काका आणखी विटा आणायला उठले.