पाच गावांतली दारं

हर्षाली झोपेतही पोटावर तळहात ठेवते. तो हात नुसता हलला तरी मला जाग येते.

माझी ही चोवीस वर्षांची लेक उमरग्याजवळच्या पाच गावांत टपाल वाटते. त्या गावांचा तिच्या डोक्यात वेगळाच नकाशा आहे: कुणाच्या परसात संडास आहे, कुठल्या शाळेतल्या संडासाला आतून कडी लागते. स्कूटीवरून ती एका दाराकडून दुसऱ्या दाराकडं जणू तरंगत जाते. म्हातारी सरुबाई तर तिला लांबूनच हाक मारते, "ये माय, आधी मागं जाऊन ये! पार्सल काय पळून जात न्हाय!" हर्षाली हसते. दिवसाला पंधरा वेळा जावं लागलं तरी हसते.

रक्तही पडायचं, म्हणून दोन वर्षं आम्ही त्याला मूळव्याध समजून ताक आणि सब्जा देत राहिलो. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतडं तपासलं. शरीर राखणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्याच आतड्यावर उलटल्या होत्या. त्या पेशींतलं एक प्रथिन शौचाच्या तपासणीत पन्नासच्या आत हवं. हिचं नऊशे निघालं.

"काही खुणा जनुकांत असतात," डॉक्टर म्हणाले. "खूण असली म्हणजे आजार होतोच असं नाही. पण रक्ताच्या नात्यात कुणाला आहे?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

ते खोटं होतं. मुरुमच्या माझ्या धाकट्या भावाला, मल्लिनाथला, आठ वर्षं शौचातून रक्त जातंय. त्यानं ते फक्त मला सांगितलंय. आमच्यात भाचीवर पहिला हक्क मामाच्या घराचा, आणि त्याच्या मुलासाठी, कृष्णराजसाठी, हर्षाली लहानपणापासून ठरल्यासारखीच. सोयरीक मोडेल म्हणून मी गप्प बसले.

आज संध्याकाळी त्याचाच फोन आला. "आक्का, सुपारी कधी फोडायची?"

"आवाज का असा रे? जेवतोस ना?"

"बारा किलो उतरलो बघ. नवरदेवाचा बाप न्हाय, नवरदेवच दिसतोय लोकांला!"

तो हसत राहिला. मला हसू आलं नाही.

मघाशी डोळा लागला तेव्हा स्वप्नात हर्षाली धुक्यातून पत्रं वाटत होती. काही पत्रं तिच्या हातातच विरघळत होती. एकावर मल्लिनाथचं नाव होतं, ते मात्र कोरडं होतं.

सोयरीक मोडली तर मोडू दे. मल्लिनाथ पाचला उठतो. उठल्या उठल्या त्याला फोन लावणार आहे: सुपारीचं मागून बघू, आधी सोलापूरला चल.