शोभेचे पाय

जन्म गेला कानडी मुलखात, चिकपेटेच्या बाजारात, कापडाच्या दुकानात गादीवर मांडी घालून. मागच्या कपाटातलं पातळसुद्धा बसल्या जागेवरून ओढायचं, याला आम्ही हुशारी म्हणायचो. बायको म्हणायची, "तुमचे पाय देवानं शोभेला दिलेत."

ती गेली आणि पहाटेचं घर खायला उठलं. त्या वेळेला ती कॉफीचं डिकॉक्शन घालायची आणि मला शिव्या. आता दोन्ही बंद. मुलगी फोनवर म्हणाली, "अप्पा, तुमच्या बिल्डिंगीत खाली सकाळी टेनिस शिकवतात. जा, गुमान."

पहिल्या दिवशी कोर्टाच्या कडेला बूट काढून ठेवले. गादीवर चढताना वहाणा काढायच्या, हाडात मुरलेली सवय. मास्तर हसला, "अण्णा, देऊळ नाही हे!"

रॅकेट आली तरी मी दुकानदारच. चेंडू लांब पडला की हात लांबवायचा, पाय जमिनीला शिवलेले. मास्तर ओरडायचा, "आधी पाय जाऊ द्या, हात मागून येतो! स्वल्प हला की, अण्णा!" बायको जे फुकट ऐकवायची, त्याला इथे फी होती.

आमच्यात एक रिटायर साहेब होते. बूट, टोपी, मनगटाचा पट्टा, सगळं परदेशी. चेंडू मात्र रोज जाळीत. ते मास्तरला म्हणाले, "यांना संध्याकाळी पोरांबरोबर घ्या. आमचा खेळ बिघडतो." जाळीतला खेळ, तो आणखी काय बिघडणार! पण मास्तर कचरला. "अण्णा, रविवारी बघतो. हललात तर सकाळी, नाहीतर संध्याकाळी."

संध्याकाळ काय, टीव्हीपुढे जाते. काढायची असते ती सकाळ.

रविवारी मास्तर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे चेंडू टाकू लागला. पहिले सगळे गेले. साहेब कडेवरून, "बघा, मी सांगत नव्हतो?" मला पहाटेचा स्वयंपाकघरातला थंड ओटा दिसला. मग पाय निघाले. बदकासारखे, पण निघाले. चेंडूपाशी आधी पोचायचं, अंग वळवायचं, मग मारायचं आणि परत मधे यायचं. एक चेंडू साहेबांच्या परदेशी बुटावर बसला. नेम धरला नव्हता. वाईटही वाटलं नाही.

"सरी, जमलं, अण्णा," मास्तर म्हणाला, "सकाळीच या."

घरी आलो तर ओट्यावर ऊन आलेलं. गुडघे बोंबलत होते. शोभेची वस्तू एवढी दुखत नाही, हे तिला ऐकवायला हवं होतं.