सगळ्यात शेवटी कोण?

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगरी म्हणत. चाळिशी उलटली तरी बाईचा पाय एका जागी ठरत नसे, चहासुद्धा उभ्यानेच. आणि नशिबी काम आलं ते पेशींची वाट बघण्याचं! देवालाही थट्टा सुचते म्हणायची.

या वेळी नळ्यांतलं रक्त तिच्या भाचीचं होतं, धाकट्या भावाच्या सव्वा महिन्याच्या लेकीचं. पोरीच्या दोन एक्स क्रोमोसोमपैकी एकाला भलताच तुकडा चिकटलेला. बायकांच्या प्रत्येक पेशीत एक एक्स जागा असतो, दुसरा झोपलेला. पेशी विभागण्याआधी प्रत्येक क्रोमोसोम आपली नक्कल काढतो, आणि झोपलेला सगळ्यांच्या मागून. त्या शेवटच्या तासांत खुणेचं औषध घातलं, की रंगवल्यावर तो फिकट दिसतो. तुकडेवाला झोपला असेल तर बरं, त्याच्यासोबत तुकडाही गप्प बसतो. धडधाकट झोपला असेल, तर पोरीचे हाल.

औषध घातल्यावर सहा तास थांबायचं. भिंगरीने दोनपैकी एक नळी तिसऱ्याच तासाला उघडली, म्हणजे वायाच घालवली.

"अगं, खूण लागलेल्या पेशी अजून विभागायच्याच आहेत. आता काय दिसणार तुला, कपाळ?" मोठ्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. "वीस वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवतेस ना?"

"दुसऱ्यांचं रक्त असतं तेव्हा जमतं हो," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. आता दुसरीही नळी बिघडली, तर तान्ह्या जिवाला पुन्हा सुई टोचायची कोणी?

उरलेले तीन तास तिने कसे काढले, तिचं तिलाच माहीत. धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुतल्या. चार वेळा जिना उतरली, चढली. भावाचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. दुसऱ्या नळीला मात्र हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पहिल्या पेशीत तुकडेवाला फिकट. एका पेशीने काय होतं? तिने पन्नास मोजल्या, मग विश्वास बसेना म्हणून त्याच पुन्हा मोजल्या. सत्तेचाळीसमध्ये तोच.

"ताई, सरळ सांग," भाऊ फोनवर म्हणाला.

"पुढचं डॉक्टर बघतील. पण पोरगी तुझ्या बहिणीपेक्षा शहाणी आहे रे. कोणाला झोपवायचं, ते तिला जन्माआधीच कळलं होतं."

पलीकडे भाऊ लेकीला उचलून तिच्याशीच बोलायला लागला. भिंगरी फोन कानाला लावून बसून राहिली.