गोरक्षची शेवटची कडी

परदेशात जमिनीखाली एक गोल यंत्र आहे. त्याचा घेर सरळ ताणला तर सिन्नरहून सायखेड्याला पोचेल. त्यात अणूहून बारीक कण पळवतात आणि एकमेकांवर आदळवतात. कशाला, ते मला विचारू नका. मोठ्या साहेबांनी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा मी नुसती मान हलवली. त्या यंत्राच्या नळ्यांसाठी तांब्याच्या कड्या आमच्या सिन्नरच्या कारखान्यात होत. त्या तपासून पास-नापास करणं माझं काम.

लेथवर कड्या कातायचा गोरक्ष. श्रावणात हार्ट अटॅकने गेला. महिन्याभराने त्याची बायको कुसाबाई कड्या धुण्याच्या खोलीत कामाला लागली. त्या नळीत बोटाचा तेलकटपणाही चालत नाही, म्हणून कडी हातमोजे घालूनच धरायची. बाई सायखेड्याहून यायची, धुवायची, जायची. रडली नाही, कोणाशी भांडली नाही. एकदाच विचारलं, "सायेब, त्यांची शेवटची कडी तिकडं बसंल ना?"

"बसणार म्हणजे काय!" मी म्हणालो.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. बाकीच्या बायका हळदकुंकू लावत होत्या आणि कुसाबाई दाराशी मागे उभी. विधवेने लावायचं नाही म्हणे! माझं डोकं फिरलं. ताट तिच्या हातात देऊन मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "बाई, आज मान तुमचा."

ती गोरक्षच्या लेथला लावेल असं मला वाटलं. ती सरळ आतल्या खोलीत गेली. तिथे त्याची शेवटची कडी धुवून ठेवली होती. तिला तिने कुंकू लावलं, उघड्या बोटाने.

मला कळलं ते दसऱ्याची सुट्टी संपल्यावर. डाग तांब्यात उतरला होता. दोनदा धुतली, गेला नाही. घासावी तर माप जातं. नापास. नापास माल चुकून पाठवला जाऊ नये म्हणून त्याचे दोन तुकडे करायचा नियम आहे. तिच्यासमोरच कापली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझा हात लागला म्हणून गेली ना, सायेब?"

"नाही हो बाई, तुमच्या हाताचा काय दोष? कुंकवाने गेली."

"माझ्या हातच्या कुंकवानं. तेच म्हनते मी," ती म्हणाली, आणि हातमोजे चढवून पुढची कडी धुवायला घेतली.