रोबोटला रोटाचा वाटा

तुम्ही कधी रोबोटसाठी नारळ नेलाय का? आम्ही नेलाय! रनाळ्याहून थेट सुरतेला. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, आक्कांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन रोबोटने झालं, तेव्हापासून घरात इतके किस्से साठलेत की शेंगा फोडायला बसलं तरी एक सांगून होईपर्यंत दुसरा आठवतो.

आक्कांना गुडघा हवा होता तो एकाच कारणासाठी. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. दुसऱ्या दिवशी देवीला डोक्यावर घेऊन नदीवर विसर्जनाला न्यायचा मान मोठ्या सुनेचा. मागच्या वर्षी आक्कांना उंबरा ओलांडवेना, म्हणून मी नेली. त्या ओट्यावर बसून रडल्या. डॉक्टरांना त्यांनी एकच सांगितलं, "आवंदा मीच लई जासू."

*

नारळ माझ्या जेठांनी, म्हणजे आक्कांच्या यजमानांनी, भाऊंनी घेतला होता. "नवं यंत्र शे. पूजा व्हयनी का त्यानी?"

त्यांचंही खरंच. नवा ट्रॅक्टर आला की आधी हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू, मग किल्ली! दवाखान्याच्या वॉचमनने गेटवरच नारळ अडवला.

भाऊंनी खिशात हात घातला. "बरं, नारळ ऱ्हाऊ द्या. लिंबू तरी जाऊ द्या!"

*

डॉक्टर मूळचे आमच्याच शहाद्याकडचे, त्यामुळे भाऊंना मोकळं बोलता आलं. पहिला प्रश्न, "ऑपरेशनना मंझारच लाईट गयी तं?"

"जनरेटर आहे, काका. बॅटरीपण आहे."

"थ्री फेज शे का सिंगल?"

डॉक्टर हसत म्हणाले, "काका, हा विहिरीत सोडायचा नाहीये!"

*

मग स्कॅन. रोबोटला हाड आधी दाखवावं लागतं म्हणे. कुठे किती कापायचं ते डॉक्टर अगोदरच आखून देतात. आक्कांचा गुडघा कॉम्प्युटरवर मोठ्ठा, रंगीत दिसला! भाऊ, नर्स, शिकाऊ डॉक्टर, सगळे वाकून बघायला लागले.

आक्कांनी घाईघाईने लुगडं पायावर ओढलं. "लगीन व्हयनं तैपासून यास्नी मन्हा गुडघा देखा नई, नि आते आख्खी सुरत देखी ऱ्हायनी!"

*

ऑपरेशनमधला किस्सा डॉक्टरांनीच आम्हाला सांगितला. कमरेखालचं बधिर केलं होतं, आक्का जाग्या होत्या. पडद्यामागून विचारत होत्या, "डाक्टर, यंत्रले एकलं सोडू नका बरं! तुम्हना हात शे ना त्यावर?"

"माझाच हात आहे, आक्का. हा नुसता मदतीला. आखलेल्या रेघेच्या पलीकडे मी कापायला गेलो, तर हाच मला थांबवतो."

आक्का म्हणाल्या, "म्हंजे हाऊ बांध कोरत नई? मंग आमना वावरना शेजारीले आठे पाठाडस. दोन दिन याना हाताखाले ऱ्हाऊ द्या!"

डॉक्टरांना हसू आवरेना, म्हणून काम थोडं थांबवावं लागलं!

*

आक्का वॉकर धरून घरी आल्या. हळूहळू वॉकर सुटला. पण भाऊंची भीती सुटली नाही. कानबाई बसली त्या रविवारी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवत सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आवंदाबी धाकलीच लई जाई. नदीनी वाट खराब शे."

आक्का रोट वाढत होत्या. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. तो फक्त भाऊबंदांनी खायचा, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा मिळत नाही. सगळ्यांची ताटं झाली. आक्कांनी आणखी एक ताट वाढलं आणि झाकून देवीपाशी ठेवलं.

"हाई ताट कोनं?" भाऊंनी विचारलं.

"सुरतवालानं."

"डाक्टरनं? तो काय आपला भाऊबंद शे?"

"डाक्टरनं नई. यंत्रनं."

सगळे थक्क! भाऊ म्हणाले, "अवं, यंत्र कसं खाई?"

"नई खाई तं ऱ्हाऊ द्या. तेनी एक डाव बी मन्हा पायवर शंका लिधी नई. तुम्ही रोज ली ऱ्हायनात. सांगा, भाऊबंद कोन?"

भाऊ मान खाली घालून जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का कानबाई डोक्यावर घेऊन नदीपर्यंत चालत गेल्या. मागे भाऊ होते, खांद्यावर वॉकर घेऊन.