घोडीच्या बरगड्या

मी घेतली तेव्हा ती नवरदेवांची घोडी होती. वरातीपुरतं गावातून फिरायचं, बँडसमोर मान हलवायची आणि उरलेला वेळ खात उभं राहायचं, एवढंच तिला माहीत होतं. अंग गुबगुबीत, कातडी चकचकीत, आणि जरा चढ लागला की धाप. मला मात्र तिच्यावर बसून लांब पल्ल्याची शर्यत पुरी करायची होती. चाळीस किलोमीटर, कच्च्या रस्त्यानं. या शर्यतीत नुसतं पोचून चालत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर डॉक्टर घोड्याच्या छातीला नळी लावतात आणि ठरलेल्या वेळात ठोके खाली आले नाहीत, तर तिथूनच परत पाठवतात.

मी शहरात गंगापूर रोडला राहते, बँकेत नोकरी करते. घोडी ठेवली होती सिन्नरच्या रस्त्याला, वडिलांच्या मळ्यात. आबा आणि आई तिथं भाजीपाला, झेंडू, शेवंती करतात. गोठा रिकामा होता, चारा घरचा होता. याहून चांगली जागा मिळणार नाही असं मला वाटलं होतं.

पहिले काही महिने मी तिला फक्त चालवलं. पाटाच्या कडेकडेनं, मऊ मातीवरून. मग थोडी दुडकी, परत चाल, परत दुडकी. घोड्याचा दम लवकर वाढतो, पण पायाच्या शिरा, सांधे, खूर यांना फार वेळ लागतो, म्हणून घाई करायची नसते. फिरून आलं की खोगीर उतरवायच्या आधी तिच्या डाव्या कोपराच्या मागे नळी लावून मी ठोके मोजायची. सुरुवातीला ते कितीतरी वेळ धडधडत राहायचे. दिवाळीनंतर मात्र पाणी पिऊन होईपर्यंत शांत व्हायला लागले. तिची छाती भरली, पोट आत गेलं, मागच्या मांड्यांवर स्नायू दिसायला लागले. अंगावर हात फिरवला की बरगड्या बोटांना लागायच्या. तशा त्या लागायलाच हव्यात.

आबांना त्या बरगड्या बघवत नव्हत्या.

रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, घोडी आजारी आहे का. दुधाच्या गाडीवाला विचारायचा, भाऊबंद विचारायचे. आबा मला म्हणायचे, "लोक म्हणत्यात, पोरीनं जनावर उपाशी मारलं." मी समजावून सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं. काय द्यायचं, किती द्यायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या दिवशी ती नुसती उभी राहणार त्या दिवशी दाणा जवळजवळ बंद, फक्त सुकं गवत आणि मीठ घातलेलं पाणी. आबा मान डोलवायचे. त्यांची ती मान डोलवायची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे. ऐकून घेतात आणि स्वतःला वाटतं तेच करतात.

शर्यतीला थोडे दिवस उरले असताना बँकेत तपासणी लागली आणि मला सलग काही दिवस मळ्यात जाता आलं नाही. मी रोज फोन करून विचारायची. आबा म्हणायचे, सगळं तू सांगितल्याप्रमाणं चाललंय.

सोमवारी पहाटे मी गेले. घोडी फुरफुरत होती, लगाम धरवत नव्हता. विश्रांती मिळाली म्हणून ताजी झाली असेल असं समजून मी निघाले. पाटाचा पूल ओलांडून दुडकी धरली आणि थोड्याच वेळात तिची मागची पावलं आखूड पडायला लागली. सकाळच्या गारठ्यात तिच्या मानेवर घाम फुटला. मी उतरले. तोपर्यंत ती थरथरत होती आणि मागचा पाय उचलायला तयार नव्हती. तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला तर मांस दगडासारखं घट्ट. मग ती मुतली, आणि ते मूत कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जिथं आहे तिथंच उभी करा, एक पाऊलही चालवू नका. मी जॅकेट काढून तिच्या कमरेवर टाकलं आणि आबांना फोन करून पाणी आणि घोंगडी मागवली. डॉक्टर मोटारसायकलवर आले, पाटाच्या कडेला बाभळीला सलाईनची बाटली टांगली, आणि सुई लावता लावता विचारलं की या दिवसांत काय खाल्लंय. मी सांगितलं, गवत. त्यांनी तिच्या मुताकडे बघितलं, मग माझ्याकडे. आबा बादली घेऊन बाजूला उभे होते.

"थोडा हरभरा दिलता," आबा म्हणाले.

थोडा म्हणजे किती, असं डॉक्टरांनी विचारलं. मग एकेक बाहेर आलं. रोज सकाळ-संध्याकाळ भिजवलेला हरभरा, तोही घमेल्यानं. वर बाजरी आणि गूळ. मी नव्हते त्या सगळ्या दिवसांत. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की काम नसताना पोटभर दाणा खाल्लेलं घोडं एकदम पळवलं, की स्नायू आतल्या आत मोडतात आणि ती घाण मूत्रपिंडात जाऊन बसते. आणखी थोडी पुढे नेली असती तर घोडी तिथंच बसली असती आणि उठली नसती.

डॉक्टर इंजेक्शन भरायला मोटारसायकलकडे गेले. मी आबांना विचारलं की फोनवर खोटं का सांगितलं. त्यांनी खाली बघितलं नाही, मान डोलवली नाही. मला म्हणाले, "तू येती आन जाती. दिवसभर तिच्या डोळ्याकडं मी बघतो. भुकेलं जनावर दारात ठिवायची आपल्याकडं रीत नाय."

"तुम्हाला तिचे डोळे दिसत नाहीत आबा," मी म्हणाले. "तुम्हाला गावाचे डोळे दिसतात."

एवढ्यावर थांबणं मला जमलं नाही. मी शाळेत असताना लांब पल्ल्याचं धावायची. तालुक्याला पहिली यायची. दहावीनंतर आबांनी ते बंद केलं होतं. कारण हेच होतं, पोरगी वाळली, उन्हानं काळी पडली, लोक विचारतात. तेव्हाही त्यांनी कधी आवाज चढवला नाही. बूट पोटमाळ्यावर टाकले आणि मला रोज रात्री तूप घातलेलं दूध प्यायला लावलं. मी ते नाक दाबून प्यायले, आणि तेव्हापासून सगळे मला सांगत आले की तुझ्या वडिलांसारखं लाड करणारं माणूस नाही. ते सगळं मी त्या पाटावर उभी राहून बोलले. आवाज चढवून बोलले. पलीकडे कोथिंबीर उपटणाऱ्या बाया काम थांबवून बघत होत्या. आबांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या बायांचंच जास्त लागलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि माझा राग आणखी वाढला.

घोडी वाचली. दुपारपर्यंत तिचं अंग सैल पडलं, संध्याकाळी टेम्पोतून तिला गोठ्यात आणलं. ती शर्यत अर्थातच गेली. मी दाण्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन शहरात आले. आबांना तो अपमान वाटला. ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. आई फोन करून म्हणायची, म्हातारा माणूस आहे, मायेनंच दिलं ना, एवढं काय धरून बसतेस. मी आईला विचारलं की घोडी मेली असती तरी हेच म्हणाली असतीस का. तिनं फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून परत तेच म्हणाली. मावशी म्हणाली, भाऊ म्हणाला, नवराही म्हणाला. मायेनं केलं म्हटलं की हिशेब संपला. समोर जनावर थरथरत उभं होतं, हे कुणाला सांगूनही दिसत नव्हतं.

मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आधी नुसतं हातात धरून चालवणं, मग चाल, मग दुडकी. उन्हाळ्यात पहाटे, पावसात चिखल टाळून मुरमाच्या रस्त्यानं. ती कधी जरा अडखळली की मी लगेच उतरून तिच्या मांड्या चाचपायची, आणि त्याच्या मागोमाग आबांचा राग यायचा. पुढच्या थंडीत चांदवडच्या बाजूला शर्यत होती. शेवटच्या टप्प्यात डोंगराकडच्या चढाला मी खाली उतरले आणि चालत आणली तिला, तिच्या बाजूनं मीही चालले. तपासणीच्या ठिकाणी डॉक्टरांनी नळी लावली, मला इशाऱ्यानं थांबवलं, आणि थोड्या वेळानं परत लावली. ठोके खाली आले होते. आम्ही मागून जवळजवळ पहिल्याच होतो, पण पुरी केली. मी तिच्या मानेत तोंड खुपसून रडले. आबा आले नव्हते.

त्या रविवारी मळ्यात भाऊबंद जमले. घोडीच्या गळ्यात शेवंतीची माळ होती. मी गोठ्यातून येत होते तेव्हा आबा ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते की मळ्यातल्या खुराकाची गोष्टच वेगळी, शहरात ठेवली असती तर अशी घोडी निघाली नसती. लोक माना डोलवत होते. एका चुलत्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, आबांचे उपकार विसरू नकोस.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, आबांच्या हरभऱ्यानं ही मरणार होती. डॉक्टरांना विचारा."

आई कपबशा उचलून आत गेली. आबा उठले, चपला घातल्या आणि शेवंतीच्या वाफ्यांकडे निघून गेले. माणसं जरा वेळानं उसाच्या भावाबद्दल बोलायला लागली.

महिन्याभरात मी घोडी दुसऱ्या ठिकाणी हलवली. मला लांब पडतं, पण तिथं सांगितलं तेवढंच देतात. आबांशी आता बोलणं होतं ते आईच्या गोळ्यांबद्दल आणि पाण्याच्या पाळीबद्दल. घोडीचं नाव ते काढत नाहीत. आई अजून विचारते की राग गेला का. मी तिला खरं तेच सांगते, नाही गेला. तो जावा असं मला फारसं वाटतही नाही. इतकी वर्षं तो मी दुधाबरोबर गिळत आले होते, आणि त्या सकाळी पाटावर तो पहिल्यांदा बाहेर आला.