मधे माणूस नको

पिंपरीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो फिटर रोज वहीतले स्वीडिश शब्द पुटपुटायचा. मागून कुणीतरी विचारायचं, "राव, वहिनींना समजतं का हे?" तो हसायचा; पण वही मिटायचा नाही.

स्वीडनच्या ट्रेनिंगसाठी तिथला साहेब माणूस निवडणार होता. कामगारांचं बोलणं त्याला इंग्रजीत सांगायला मी बसणार होतो. घरातला पहिला बी.ए. "मी आहे ना," मी फिटरला म्हणालो.

"म्हणूनच शिकतोय, भाऊ. मधे माणूस आला की साहेबाकडं आधी माझं आडनाव पोचतं, काम मागं ऱ्हातं."

मुलाखतीत तो अडखळत, हातांनी मशीन दाखवत स्वीडिशमध्ये बोलला. साहेबाने खुर्ची पुढे ओढली.

बी.ए. झाल्याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी गप्प बसलो, त्याचाही आहे.